वापरलेल्या मोटारीचा पूर्वेतिहास

वापरलेली मोटार घेणारा गृहस्थ प्रथम तिचा रंग पाहतो, मग किंमत विचारतो, आणि तिचा इतिहास बहुधा विचारीतच नाही. उघड्या टपाची, आपोआप गिअर बदलणारी वेगवान मोटार घेताना हा क्रम फार महाग पडतो. अशी गाडी मुळात कशी घडली हे ज्याला ठाऊक असते, त्यालाच ती कोठे बिघडली असेल हे कळते. अमेरिकेतील ‘कॉर्व्हेट’ या गाडीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

१९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सने भरविलेल्या प्रदर्शनात ही गाडी लोकांनी प्रथम पाहिली. तिच्या घडणीमागे हार्ली अर्ल यांची कल्पना होती. त्याच वर्षी ३० जूनपासून मिशिगन राज्यातील फ्लिंट येथे ती तयार होऊ लागली. पहिल्या वर्षी अवघ्या ३०० गाड्या निघाल्या. त्या सर्व बाहेरून पांढऱ्या आणि आतून तांबड्या होत्या. तेव्हा १९५३ ची गाडी ‘मूळचीच निळी’ आहे असे कोणी सांगू लागल्यास तेथेच सावध व्हावे.

तिचे इंजिन सहा सिलिंडरांचे व १५० अश्वशक्तीचे होते. गिअरपेटी मात्र ‘पॉवरग्लाइड’ नावाची, दोनच टप्प्यांची आणि स्वयंचलित. शेव्हरोलेटच्या घरगुती गाड्यांत ती १९५० पासून बसविली जात होती. क्लच नसलेली ही कसली वेगाची गाडी, म्हणून शौकिनांनी नाके मुरडली. तथापि १९५३ आणि १९५४ च्या सर्व गाड्या या गिअरपेटीनिशीच बाहेर पडल्या. त्यांपैकी एखादीत आज क्लचचे पेडल आढळले, तर मागाहून कोणी तरी फेरफार केला आहे हे निश्चित.

या गिअरपेटीत इंजिनाची शक्ती तेलामार्फत चाकांकडे जाते. म्हणून आधी तेल पाहावे. ते काळवंडले असेल, त्याला करपट वास येत असेल, तर आतील चकत्या झिजल्या आहेत असे समजावे. गाडी चांगली तापेपर्यंत स्वतः चालवून पाहावी. इंजिन गुरगुरते पण गाडी मागे रेंगाळते, असे झाल्यास व्यवहार थांबवावा. थंड गाडी पुष्कळदा आपले दुखणे लपविते.

कॉर्व्हेटचे अंग पत्र्याचे नव्हे, फायबरग्लासचे होते. ते गंजत नाही, ही खरी गोष्ट. परंतु त्याखालचा सांगाडा पोलादी आहे आणि तो गंजतो. वरची तकतकी पाहून भुलणारा येथेच फसतो. गाडी उचलून धरून खालून तपासावी, आणि रंगाखाली जुन्या तड्यांची डागडुजी दिसते का हेही पाहावे.

टपाची कथा निराळी. पहिल्या तीन वर्षांच्या गाड्यांना वरखाली होणाऱ्या काचा नव्हत्या, बाहेरून दरवाजाची मूठही नव्हती. बाजूला पडदे लावावे लागत. काचा व मुठी १९५६ मध्ये आल्या. सबब पाऊस आत शिरणे हे या जुन्या गाड्यांचे जन्मजात दुखणे होय. पायाखालचा गालिचा उचलून ओल पाहण्यास संकोच करू नये.

१९५४ मध्ये ३,६४० गाड्या तयार झाल्या, पण त्यांतील कित्येक खपल्या नाहीत. १९५५ मध्ये उत्पादन ७०० वर आले. त्याच वर्षी फोर्डची ‘थंडरबर्ड’ सोळा हजारांवर गेली. म्हणजे या पहिल्या कॉर्व्हेटचे आजचे दुर्मिळपण तिच्या त्या वेळच्या अपयशातून आले आहे. दुर्मिळतेने किंमत चढते, आणि किंमत चढली की बनावटही येते. म्हणून गाडीवरील क्रमांक कागदपत्रांशी आणि इंजिन त्या वर्षाशी जुळते की नाही, हे जाणकाराकडून पडताळल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पुढे २०२० ची नवी कॉर्व्हेट आली तेव्हा तिच्यात क्लचचे पेडल मुळीच नव्हते! १९५३ मध्ये ज्याची थट्टा झाली, तेच अखेर तिच्या अंगवळणी पडले. म्हणून जुन्या गाडीतील स्वयंचलित गिअरपेटी ही उणीव मानून बदलून घेण्याच्या भरीस कोणी पडू नये. ती नीट चालत असेल, तर तीच त्या गाडीच्या अस्सलपणाची खूण आहे.