किमची प्रीमियम : एका भावफरकाचा इतिहास

१/
८ जानेवारी २०१८. कूटचलनांचे भाव दाखवणाऱ्या ‘कॉइनमार्केटकॅप’ या संकेतस्थळावरील आकडे एकाएकी खाली आले. एकूण बाजारमूल्यातून शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम नाहीशी झालेली दिसली. या घसरणीचे मूळ विक्रीत नव्हते. सरासरी काढण्याची रीत तेवढी बदलली होती.

२/
संकेतस्थळाने पूर्वसूचना न देता दक्षिण कोरियातील काही एक्स्चेंजचे भाव सरासरीतून वगळले होते. ते भाव उर्वरित जगापेक्षा फारच चढे आहेत, असा खुलासा मागाहून आला. तोवर आकडे पाहून धास्तावलेल्यांनी खरोखरच विक्री सुरू केली होती. कोरियात मोठी उलाढाल असलेल्या एक्सआरपीला त्याची झळ विशेष बसली.

३/
एकाच बिटकॉइनचे दोन भाव कसे असू शकतात? पेशवाईतील सराफाला हा प्रश्न पडला नसता. निरनिराळ्या टांकसाळींच्या रुपयांना वेगवेगळा बट्टा लागे आणि दूरच्या पेठेत पैसा पोहोचवायचा तर हुंडणावळ मोजावी लागे. पैशाच्या वाटेत अडथळा आला की भावात फरक पडतोच.

४/
कोरियातील अडथळा जुना आहे. १९६१च्या कायद्याने तेथे परकीय चलनावर कडक नियंत्रण आणले. पुढे १९९७मध्ये देशाची परकीय गंगाजळी आटली आणि ३ डिसेंबर रोजी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार करावा लागला. देशाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे ३५ लाख नागरिकांनी घरातील सोने पुढे केले; सुमारे २२७ टन सोने जमा झाले.

५/
१९९९मध्ये जुन्या कायद्याच्या जागी तुलनेने सैल कायदा आला. तरीही वॉन हे चलन देशाबाहेर मुक्तपणे फिरू लागले नाही. कागदपत्रांविना परदेशी पैसे पाठवण्याची मर्यादा दीर्घकाळ वर्षाला ५०,००० डॉलर होती. ती १ लाखावर गेली २०२३ साली.

६/
या कुंपणाच्या आत कूटचलनाचा बाजार वाढला. ‘कॉर्बिट’ २०१३मध्ये, ‘बिथम्ब’ २०१४मध्ये, तर ‘अपबिट’ ऑक्टोबर २०१७मध्ये सुरू झाले. खरेदीदार पुष्कळ, पण बाहेरून येणारा माल मर्यादित. त्यामुळे भाव चढला. कोरियन जेवणातल्या आंबट-तिखट लोणच्यावरून या चढ्या भावाला ‘किमची प्रीमियम’ असे नाव पडले.

७/
खरे तर जेथे स्वस्त तेथे घ्यावे, महाग तेथे विकावे, म्हणजे फरक आपोआप मिटतो. येथे बिटकॉइन काही मिनिटांत कोरियात पोहोचत असे. पण विक्रीतून आलेले वॉन डॉलर होऊन बाहेर पडताना कायद्याच्या दारात अडत. कॅल्गरी विद्यापीठातील संशोधकांच्या गणनेनुसार जानेवारी २०१६ ते फेब्रुवारी २०१८ या काळात हा फरक सरासरी ४.७३ टक्के होता. जानेवारी २०१८मध्ये तो ५४.४८ टक्क्यांपर्यंत गेला.

८/
११ जानेवारी २०१८ रोजी न्यायमंत्री पार्क सांग-की यांनी एक्स्चेंजमधील व्यवहारांवर बंदीचा मनोदय जाहीर केला आणि बाजार कोसळला. निर्णय अंतिम नसल्याचा खुलासा राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला त्याच दिवशी करावा लागला. विरोधातील नागरिक-याचिकेवर दोन लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या झाल्या. बंदी आली नाही. ३० जानेवारीपासून खऱ्या नावाचे बँक खाते मात्र सक्तीचे झाले.

९/
कुंपण दोन्ही बाजूंनी अडवते, हे ३ डिसेंबर २०२४च्या रात्री दिसले. नाणेनिधीच्या कराराला त्याच दिवशी २७ वर्षे पूर्ण झाली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. ‘अपबिट’वर सुमारे १३ कोटी वॉनचा बिटकॉइन काही मिनिटांत ८.८ कोटींच्या आसपास आला. उर्वरित जगात घसरण किरकोळ होती.

१०/
गर्दीने कोरियन एक्स्चेंजची सेवा विस्कळीत झाली. बाहेर अधिक भाव होता. पण घाबरलेल्या विक्रेत्याला तो मिळवणे कठीण होते. सुमारे अडीच तासांत संसदेने लष्करी कायदा उठवण्याचा ठराव केला आणि भावही सावरला. त्या मिनिटांत विकणाऱ्यांचे नुकसान मात्र भरून आले नाही.

११/
त्याआधी जेमतेम आठवडाभर, नोव्हेंबर २०२४मध्ये, अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ प्रसिद्ध केला. एआय एजंटला बाहेरची माहिती आणि साधने जोडून देण्याची ही एक सामायिक पद्धत आहे. अशा साधनाने कोरियन भाव आणणे आता सोपे आहे. प्रीमियम काढण्यासाठी तीन आकडे पुरतात : वॉनमधील भाव, जगातील डॉलरमधील भाव आणि वॉन-डॉलर विनिमय दर. डॉलरचा भाव विनिमय दराने गुणायचा आणि कोरियन भाव त्याहून किती टक्के वर वा खाली आहे, ते पाहायचे.

१२/
गणित शाळकरी आहे. चूक होते ती आकड्याचा अर्थ लावताना. कोरियन भाव मुकाट्याने सरासरीत मिसळला तर जगाचा भाव फुगतो आणि मुकाट्याने वगळला तर २०१८सारखी घबराट होते. एक्स्चेंज ठप्प असताना दिसणारा आकडा हा शेवटच्या सौद्याचा असतो. त्या भावाला आता कोणी घेईल, याची हमी त्यात नसते.

१३/
म्हणून असे साधन भावासोबत एक्स्चेंजचे नाव, चलन आणि वेळ देत नसेल, तर त्याचे उत्तर अपुरे ठरते. २०१८मध्ये आकडा पाहून घाबरायला निदान माणसाला पडद्यापुढे बसावे लागत होते. एजंटला खरेदी-विक्रीचे अधिकार दिले, तर मधला तो क्षणही उरत नाही.