दर्शनी किंमत, खरी किंमत : 125 रुपयांचे नाणे आणि बाबासाहेबांचा रुपया

"बाबासाहेबांचे 125 रुपयांचे नाणे घरात आहे, ते बँकेत दिले तर 125 रुपये मिळतील का?" हा प्रश्न वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला अनेकदा ऐकू येतो. प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या तळाशी नाण्याचे मूल्य ठरवते कोण, हा मोठा प्रश्न आहे. तोच प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी अभ्यासला होता. म्हणून तो इतिहासासकट समजून घेतला पाहिजे.

6 डिसेंबर 2015 रोजी, महापरिनिर्वाण दिनी, बाबासाहेबांच्या 125 व्या जयंती वर्षानिमित्त केंद्र सरकारने दोन नाणी प्रकाशित केली. एक 10 रुपयांचे, व्यवहारात फिरणारे. दुसरे 125 रुपयांचे, संग्रहासाठी काढलेले. हे दुसरे नाणे 35 ग्रॅमचे आणि त्यात निम्मी चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. एवढ्या चांदीचा भाव 2015 सालीही 125 रुपयांहून कितीतरी जास्त होता. अशी नाणी टांकसाळ डबीत घालून विकते आणि त्यांची विक्री किंमत चांदीच्या भावापेक्षाही चढी असते. म्हणजे एकाच नाण्याला तीन किमती झाल्या : वर छापलेली, आतल्या धातूची आणि विकत घेतानाची. त्यांतली सर्वांत लहान किंमत छापलेली आहे.

कायदा काय म्हणतो? 2011 च्या नाणे कायद्यात नाण्याच्या व्याख्येतच स्मारक नाण्याचा समावेश आहे. एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी एकूण 1000 रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत. म्हणजे सरकारने त्यावर छापलेला आकडा खोटा नाही. पण 125 रुपयांसाठी हे नाणे देणारा माणूस स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतो. गरज पडलीच तर आधी चांदीचा भाव पाहावा आणि जाणत्या नाणेसंग्राहकाला विचारावे. नाणे वितळवू नये, कायद्याने तो गुन्हा आहे.

आता इतिहासाकडे वळू. 1835 पासून कंपनी सरकारच्या रुपयाचे वजन 180 ग्रेन होते, त्यात 165 ग्रेन शुद्ध चांदी. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्यामुळे रुपयाचा आकडा आणि रुपयातली चांदी यांत फारसे अंतर पडत नसे. 1870 नंतरच्या काळात चांदी जगभर घसरली आणि तिच्याबरोबर रुपयाही घसरला. इंग्लंडला पौंडांत देणी पाठवणाऱ्या सरकारचे कंबरडे मोडू लागले. अखेर 1893 साली हर्शेल समितीच्या शिफारशीवरून टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. तेव्हापासून रुपया आतल्या चांदीपेक्षा जास्त किमतीला चालू लागला आणि किती रुपये पाडायचे हे फक्त सरकारच्या हाती राहिले. पुढे पहिल्या महायुद्धात उलटे घडले. चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे झाले आणि सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

याच व्यवस्थेची चिकित्सा बाबासाहेबांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधात केली. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवून देणारा हा प्रबंध 1923 साली पुस्तकरूपाने आला. त्या वेळी नावाजलेल्या केन्सने सुवर्ण विनिमय परिमाणाची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. त्यांचा मुद्दा असा की रुपये पाडण्याला मर्यादा नसेल तर सरकार वाटेल तेवढे रुपये पाडेल, महागाई वाढेल आणि रुपयाची क्रयशक्ती घटेल. हिल्टन यंग आयोगापुढे 1925 साली साक्ष देताना त्यांनी रुपयांची टांकसाळ कायमची बंद करून सोन्याचे नाणे काढण्याची मागणी केली. आयोगाने ती स्वीकारली नाही. बाबासाहेबांची थोरवी सांगताना हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यांच्या मांडणीचे मोल सरकारने ती मान्य केली की नाही यावर अवलंबून नाही.

या मांडणीचा गाभा आपल्यासाठी आजही जिवंत आहे. रुपया स्वस्त झाला की देशाचा फायदा होतो, असे तेव्हा काही उद्योजक सांगत. बाबासाहेबांनी विचारले, हा फायदा नेमका कुणाच्या खिशातून येतो? भाव वाढतात तितकी मजुरी वाढत नाही. म्हणजे एका वर्गाचा नफा हा दुसऱ्या वर्गाचा तोटा असतो. नाण्यावरचा आकडा तोच राहतो, पण मजुराच्या ताटातली भाकर कमी होते.

म्हणून दोन गोष्टी आम्हाला ठामपणे सांगायच्या आहेत. पहिली, फसू नका. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देतो असे सांगून आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्या टोळ्या आहेत. आपल्या नावाचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने 2021 साली दिला आहे. आपल्या भावनांचाही हे लोक धंदा करतात.

दुसरी, बाबासाहेबांना डबीत बंद करू नका. 1990 साली जन्मशताब्दीनिमित्त निघालेला बाबासाहेबांच्या प्रतिमेचा एक रुपया बाजारहाटात, एसटीच्या तिकिटाला, किराण्याच्या गल्ल्यात फिरला. तो कोणीही हातात घेऊ शकत होता. आजही एखादा दुकानदार बाबासाहेबांचे दहाचे नाणे नाकारत असेल, तर ते कायदेशीर चलन आहे हे त्याला शांतपणे पण ठासून सांगा. 125 चे नाणे घरात असेल तर जरूर जपा. पण ते नाणे ज्याच्या सन्मानार्थ निघाले, त्याचा रुपयावरचा ग्रंथ किती घरांत आहे, हेही मोजा. पुढच्या जयंतीला वर्गणी गोळा कराल तेव्हा त्यातून या ग्रंथाच्या चार प्रती घ्या आणि विहारातल्या वाचनालयात ठेवा.

जय भीम!