सूर्याचे डाग आणि पावसाचा हिशोब

मंडळी, कोडाईकनालला फिरायला गेलात की तिथली सौर वेधशाळा जरूर बघा. १८९९ ची ही वेधशाळा उभी राहण्यामागे एक दुष्काळ आहे!

१८७६ चा पाऊस दख्खनमध्ये दगा देऊन गेला. सोलापूर, नगर, विजापूरपासून पार मद्रासपर्यंत माणसं उपाशी मेली. १८७८ पर्यंत बळींचा आकडा पन्नास लाखांच्या वर गेला. आता गंमत बघा, सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात, आणि नेमके त्याच सुमारास ते अगदी कमी झाले होते. लॉकियर आणि हंटर या दोन साहेबांनी मद्रासच्या साठेक वर्षांच्या पावसाच्या नोंदी डागांशी जुळवल्या आणि १८७७ मध्ये लिहिलं की डाग कमी तेव्हा पाऊस कमी. म्हणजे दुष्काळ आधीच सांगता येईल! सूर्याचा नीट अभ्यास हवा ही मागणी अशी जोर धरू लागली.

आता आमच्या धंद्यातला माणूस लगेच विचारेल, की ६० वर्षं म्हणजे चक्रं किती? पाच-सहा. एवढ्याशा डेटावर कुठलीही रेघ बसते हो! १९०४ मध्ये हवामान खात्याचा प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकरने, मूळचा गणिती गडी, ठिकठिकाणच्या नोंदी घेऊन हे नातं तपासलं. हाती फारसं काही लागलं नाही. पण असेच आकडे चाळताना त्याला प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला, ज्याची दुसरी बाजू म्हणजे एल निनो. १८७७ चा एल निनो तर नोंदींमधल्या सर्वांत तीव्रांपैकी एक.

सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा जेमतेम ०.१ टक्का बदलते. अतिनील किरणं त्याहून जास्त बदलतात, त्याचा परिणाम वर ओझोनच्या थरात दिसतोही. पण खाली एखाद्या जिल्ह्याच्या पावसापर्यंत पोचेस्तोवर तो बाकीच्या गोंगाटात हरवतो.

आणि एक गोष्ट विसरू नये. त्या दुष्काळात धान्य परदेशी जातच होतं, आणि मद्रासकडे सरकारी कामावरच्या मजुराला दिवसाला सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे मिळत होते. ते काही सूर्याने ठरवलं नव्हतं. पाऊस का पडला नाही आणि माणसं का मेली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आकाशात शोधावं, दुसऱ्याचं नाही.