मोटेपासून ठिबकापर्यंत : खानदेशच्या पाण्याची साधनें

शेतकऱ्याच्या अंगणांत एखादें नवें यंत्र येतें, तेव्हां घरांत सणासारखी धांदल उडते. नारळ फुटतो, यंत्राला कुंकू लागतें, शेजारपाजारचे लोक येऊन तें न्याहाळून जातात. तें किती पाणी ओढील, किती बैलांचें काम करील, ह्याचा हिशोब ओसरीवर बसून मांडला जातो. परंतु तें बिघडलें तर दुरुस्त कोण करील, आणि तें ओढील तेवढें पाणी मुळांत आहे कोठें, हे दोन प्रश्न त्या दिवशीं सहसा कोणी विचारीत नाहीं. जळगांव आणि धुळें हे दोन जिल्हे म्हणजे जुन्या खानदेशाचा मुख्य भाग. तेथील शेतीचा इतिहास पाहूं गेल्यास तो पुष्कळसा ह्या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे.

खानदेशाच्या मधून तापी वाहते. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्यें काळ्याभोर मातीचें मैदान. परंतु तापीचे कांठ इतके उंच, कीं एवढी मोठी नदी उशाशीं असूनहि तिचें पाणी नुसत्या पाटानें शेतांत आणणें पूर्वीच्या लोकांना साधलें नाहीं. म्हणून त्यांनीं आपली दृष्टि लहान नद्यांकडे वळविली. पांझरा, कान, मोसम ह्यांसारख्या नद्यांवर, आजच्या धुळें आणि नाशिक जिल्ह्यांत, त्यांनीं एकाखालीं एक असे दगडी बंधारे घातले. हे बंधारे पाणी सांठविण्यासाठीं नव्हतेच. वाहत्या पाण्याची पातळी थोडी उंचवावी आणि उताराउतारानें तें पाटांत शिरावें, एवढेंच त्यांचें काम. त्यांत ना चाक, ना कळ, ना इंधन. पाणी आपल्याच वजनानें शेतापर्यंत चालत जाई.

ह्या बंधाऱ्यांच्या आधारें जी व्यवस्था उभी राहिली, तिला फड पद्धति म्हणतात. ती तीनचारशें वर्षांची जुनी मानली जाते. पाटाखालीं भिजणारी सारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली असे. त्या प्रत्येक तुकड्याला फड असें नांव. एका फडांत त्या वर्षीं एकच पीक घ्यावयाचें. एकांत ऊस, दुसऱ्यांत भात, तिसऱ्यांत गहूं किंवा हरभरा, आणि दुसरे वर्षीं पिकांची फिरवाफिरव. पाण्याची वांटणी पाटकऱ्याकडे आणि राखण जागल्याकडे. शेतमालकानें स्वतःच पाट फोडून आपल्या वाफ्यांत पाणी घ्यावयाचें नाहीं, हा दंडक. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षीं किती जमीन भिजवावयाची तें पंच आधींच ठरवीत, आणि तुटीचा भार सर्वांवर सारखा पडे. पाटांतील गाळ काढणें, बंधाऱ्याची डागडुजी करणें, हींहि सर्वांचींच कामें.

ह्या व्यवस्थेला अपघात ठाऊक नव्हते असें नाहीं. १८७२ सालीं पांझरेला आणि गिरणेला जो महापूर आला, त्यानें धुळें शहराची व भडगांवची फार मोठी हानि केली. अशा पुरापुढें दगडी बंधाऱ्याची काय कथा? परंतु ढांसळलेला बंधारा पुन्हां उभा करण्याची विद्या गांवांत होती, दगड व चुना जवळपास मिळे, आणि हात लावणारे हात ठरलेले होते. साधन मोडलें तरी तें दुरुस्त करणारी संस्था मोडत नसे, हें फडाचें खरें बळ होय.

नदीपासून दूर असलेल्या शेतकऱ्याला आधार होता तो विहिरीचा आणि मोटेचा. चामड्याची मोट, ती ओढणारा जाड नाडा, तिच्या सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, लांकडी चाक, पाणी ओततें तें थारोळें आणि बैल उतरतात ती उतरती धांव. एवढा हा संसार. त्यांतहि दुखणीं थोडीं नव्हतीं. कातडें कुजे, नाडा झिजून ऐन भरांत तुटे, आणि धांवेवर बैलाचा पाय निसटला तर शेतकऱ्याचें वर्ष बुडे. परंतु ह्या दुखण्यांवर इलाज करणारे चांभार, सुतार आणि दोर वळणारे गांवांतच राहत. मोटेचा आणखी एक गुण होता. आणि तो तिच्या दुबळेपणांतच दडलेला होता. बैल थकले कीं मोट थांबे. विहिरीला रात्रभर विसांवा मिळे, आणि सकाळपर्यंत झरे तिला पुन्हां भरून काढीत. पाण्याला मर्यादा घालणारा कोणताहि कायदा त्या काळीं शेतांत नव्हता. ती मर्यादा बैलांच्या छातींतच होती.

विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतीच्या दारीं लोखंड आलें. बेळगांवास सायकलींचें दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आधीं कडबा कापण्याचें यंत्र आणि नंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते अशी लोकांची समजूत असल्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. आज आपण त्या समजुतीला हंसतों. परंतु शेतकऱ्याच्या शंकेंत केवळ अडाणीपणाच होता काय? खानदेशच्या काळ्या मातीचें उदाहरण घ्यावें. ही माती उन्हाळ्यांत भेगाळून आपली आपणच उलथते. म्हणून तेथील कापूस पिकविणारा शेतकरी दरसाल नांगरट करीत नसे. वखराच्या पाळ्या देऊन तो जमीन तयार करी. खोल नांगरणीची गरज पडे ती हरळी अगर कुंदा शेतांत माजला म्हणजे. त्या कामीं लोखंडी नांगराला तोड नव्हती. पण त्याला बैलांच्या दोनतीन जोड्या लागत. ज्याच्या गोठ्यांत एकच जोडी, त्याला तो नांगर घेऊन काय करावयाचें? ह्यास्तव नांगर चांगला कीं वाईट, हा प्रश्नच अपुरा होता. कोणत्या जमिनीला, कोणत्या वर्षीं आणि कोणाच्या बैलांना, हें विचारल्यावांचून त्याचें उत्तर मिळत नाहीं. किर्लोस्करांचें यश असें कीं, त्यांनीं नांगर विकला आणि त्याबरोबर सुटे भागहि मिळूं लागले. झिजलेला फाळ बदलतां येतो असें दिसल्यावर शेतकऱ्याचा विश्वास बसला.

ह्यानंतर आला तो पाण्याचा पंप. प्रथम तेलावर चालणारीं इंजिनें आलीं, आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर खेडोपाडीं वीज पोंचूं लागली तशा विजेच्या मोटारी आल्या. दोन जोड्यांना दिवस पुरत नसे तें काम घटकाभरांत होऊं लागलें. परंतु पंपाला निसर्गाचा एक नियम पाळावा लागतो, आणि तो नियम पुष्कळांना नुकसान सोसूनच कळला. विहिरीच्या कांठावर बसविलेला पंप पाणी खेंचतो म्हणजे वस्तुतः नळांतील हवा काढून घेतो. पाण्याला वर ढकलतो तो बाहेरच्या हवेचा दाब. हा दाब चौतीस फुटांपेक्षां अधिक उंच पाणी चढवूं शकत नाहीं, आणि व्यवहारांत तर वीस-पंचवीस फुटांवरच गाडें अडतें. उन्हाळ्यांत पाणी त्याहून खालीं गेलें कीं उत्तम पंपहि नुसता घुमत राहतो. नळाच्या तळची झडप गळकी असली तर नळांतील पाणी उतरून जातें, आणि कोरडा फिरणारा पंप तापून निकामी होतो. ह्यावर तोडगा म्हणून शेतकऱ्यांनीं विहिरीच्या आंत ओटा बांधून पंप खालीं नेला. पण पहिल्याच मोठ्या पावसांत विहीर भरली, म्हणजे मोटार पाण्याखालीं! उन्हाळ्यांत पंप खालीं न्यावा आणि मृगापूर्वीं वर काढावा, ही नवी उस्तवार मोटेच्या काळीं कोणाला करावी लागत नव्हती. पुढें पाण्यांत बुडूनच चालणारे पंप आले आणि ही अडचण सरली. परंतु ते बिघडले तर सारा नळ उपसून तालुक्याच्या गांवीं न्यावे लागत. दुरुस्ती गांवाबाहेर गेली, हा बदल दिसावयास लहान. परिणामानें मात्र फार मोठा.

विजेनें आणखी एक गोष्ट केली. १९७० नंतरच्या दशकांत शेतीपंपांना वापराच्या मोजमापाऐवजीं अश्वशक्तीवर ठराविक आकार बसूं लागला. एक तास पंप चालविला काय आणि दहा तास चालविला काय, आकार तोच. त्यांत वीज अवेळीं येई, बहुधा रात्रीं. रात्रीच्या अंधारांत, साप-विंचवाच्या भीतींत, पंप सुरू करण्यासाठीं शेतावर जावें कोणी? तेव्हां वीज येतांच आपोआप सुरू होणारी कळ बसविण्यांत आली. शेतकऱ्याची रात्रीची यातायात वांचली हें खरें. परंतु ज्या विहिरीला बैलांच्या थकव्यामुळें रात्रीं विसांवा मिळत असे, तिला आतां निजलेल्या मालकाच्या नकळत उपसा लागला.

ह्याचा परिणाम दोन ठिकाणीं दिसला. पांझरा-कानच्या खोऱ्यांत ज्याच्या त्याच्या शेतांत विहीर व पंप झाल्यावर फडाचा दंडक पाळण्याचें कारण उरलें नाहीं. वरच्या अंगाला लाटीपाडा व मालनगांव येथें धरणें झालीं आणि नदीचा बारमाही प्रवाहहि पूर्वीसारखा राहिला नाहीं. बंधारे उभे राहिले. त्यांच्याभोंवतींचा शेजारधर्म मात्र विरळ होत गेला. दुसरें ठिकाण म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे यावल आणि रावेर हे तालुके. सावदें-फैजपूरच्या ह्या केळीच्या मुलुखांत जमिनीच्या पोटांत तापीच्या गाळाचे खोल थर आहेत. केळ हें पाण्याचें मोठें लोभी पीक. विहिरींच्या जागीं कूपनलिका आल्या, त्या वर्षागणिक खोल होत गेल्या, आणि पाण्याची पातळी त्यांच्यापुढें पळत राहिली. अखेर तेथील जमिनींत पाणी मुद्दाम मुरविण्याचे प्रयोग करण्याची पाळी केंद्रीय भूजल मंडळावर आली.

अशा वेळीं जळगांवांतच एक नवें साधन रुजलें. इस्राएलांतील सिम्हा ब्लास ह्या जलतज्ज्ञाच्या एक गोष्ट लक्षांत आली होती : गळक्या नळाजवळचें झाड इतर झाडांहून जोमदार वाढतें. त्या निरीक्षणांतून ठिबक सिंचन जन्मास आलें, आणि १९६५ मध्यें तेथील हात्झेरीम ह्या सामुदायिक वसाहतींत त्याची निर्मिति सुरू झाली. जामनेर तालुक्यांतील वाकोद गांवचे भवरलाल जैन ह्यांनीं १९६३ सालीं घासलेटच्या व्यापारापासून आरंभ करून १९८० मध्यें प्लास्टिकच्या नळांचा कारखाना काढला, आणि त्याच दशकांत ठिबकाकडे मोर्चा वळविला. केळीच्या बुंध्याशीं थेंब थेंब पाणी पडूं लागलें, आणि जळगांवचें नांव जगभर झालें.

परंतु ठिबक हें साधन जितकें काटकसरी, तितकेंच नाजूक. त्याचीं छिद्रें इतकीं बारीक कीं, खानदेशच्या विहिरींच्या जड पाण्यांतील चुना त्यांत बसला म्हणजे तीं बुजतात. शेवाळ व गाळ हे आणखी वैरी. खारी आणि उंदीर नळ्या कुरतडतात तें निराळेंच. गाळणी वेळच्या वेळीं धुवावी लागते, नळ्यांचीं टोकें उघडून त्या फुंकरून काढाव्या लागतात, आणि क्षार धरला तर पाण्यांतून मोजकें आम्ल सोडावें लागतें. ज्यांनीं हें केलें त्यांना ठिबकानें तारलें. ज्यांनीं नळ्या अंथरल्या आणि गाळणीकडे पाठ फिरविली, त्यांचीं झाडें ओळीच्या मध्येंच सुकलीं. आणि दोष देण्यांत आला तो साधनाला. शिवाय वांचलेलें पाणी विहिरींत राहिलें, कीं त्यावर आणखी दोन एकर केळी लागली? वांचलेलें पाणी राखून ठेवावें असें सांगणारा पाटकरी ठिबकाच्या संचाबरोबर येत नाहीं.

मोटेच्या काळाकडे परत फिरावें असा ह्या कहाणीचा अर्थ काढणें व्यर्थ होय. धांवेवर उभें आयुष्य घालविलेल्या बैलांना आणि माणसांना विचारलें असतें, तर त्यांनीं पंपालाच दुवा दिला असता. अर्थ एवढाच, कीं प्रत्येक साधनाच्या पोटीं एक शिस्त असते. फडाची शिस्त पंचांनीं सांभाळली, मोटेची बैलांनीं, नांगराची सुट्या फाळानें. पंपाबरोबर आणि ठिबकाबरोबर ती आपोआप आली नाहीं. ती ज्याची त्यानें शिकावयाची होती. कांहींनीं ती शिकली. इतरांच्या खळ्याच्या कोपऱ्यांत जळालेल्या मोटारी आणि गुंडाळून ठेवलेल्या काळ्या नळ्या पडून राहिल्या. यंत्र बाजारांत मिळतें, हप्त्यानेंहि मिळतें. तें घरीं आणतांना पाटकऱ्याचें काम आतां आपल्याकडे आलें, हें ज्याच्या लक्षांत आलें, त्याच्याच विहिरीला पाणी राहिलें.