सरकारी वकिलाच्या कपाटातले कागद

दिवाळीत पालमला गेलो होतो. काकांनी चहाचा कप हातात दिला आणि विचारलं, "बाबू, तू काँप्युटरवाला. सरकारी वकिलाच्या ऑफिसातले कागद नेटवर दिसतात का रे?"

झालंय असं, की काकांच्या चार एकरांचं कुणीतरी खोट्या सहीने खरेदीखत केलं. त्याचा फौजदारी खटला सरकार चालवतंय आणि जमिनीचा दिवाणी दावा काका लढताहेत. मूळ खरेदीखत पोलिसांनी जप्त केलं, ते फौजदारी कोर्टात. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल आणि साक्षीदारांचे जबाब सरकारी वकिलाच्या फायलीत. तिथून उत्तर मिळालं, "तुमच्या दिवाणीशी आमचा संबंध नाही."

नेटवर एफआयआर दिसतो, तो सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशामुळे. दोषारोपपत्र दिसत नाही. तो सार्वजनिक दस्तऐवज नव्हे, असं त्याच कोर्टाने २०२३ मध्ये सांगितलंय. झालं, आमचं काँप्युटरज्ञान इथेच संपलं :)

मग पुण्याला परतल्यावर दोन वीकएंड हेच वाचत बसलो.

आमच्याकडे हे कायदेच उशिरा आले. पालम सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. १८७२ चा पुरावा कायदा आणि १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली ती १ एप्रिल १९५१ ला. संहितेतला आदेश १६, नियम ६ असा, की दाव्याशी संबंध नसलेल्या माणसालाही नुसते कागद हजर करण्याचं समन्स काढता येतं. त्याने स्वतः यायचीही गरज नाही, कागद पाठवले तरी चालतं. म्हणजे 'आमचा संबंध नाही' हे उत्तरच होऊ शकत नाही!

पण ते ऑफिस नक्की कुणाचं? १९७३ च्या फौजदारी संहितेने खटला चालवणारा वकील पोलिसांपासून वेगळा काढला खरा, पण महाराष्ट्रात खालच्या कोर्टांतले सरकारी वकील नंतरही पोलीस खात्याच्याच ताब्यात होते. शेवटी शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतंत्र खातं करा म्हणून बजावलं.

खरी अडचण पोलिसांच्या तपास डायरीची. आरोपीला ती मागता येत नाही. पोलिसांपुढचे जबाबही खटल्यात सरसकट वापरता येत नाहीत. या तरतुदी दाखवून 'कागद गुप्त आहेत' म्हणायची सवय जुनीच. ती मोडली भागलपूरमुळे. १९८० साली तिथल्या पोलिसांनी कैद्यांच्या डोळ्यांत सुया खुपसून अ‍ॅसिड ओतल्याचं उघड झालं. सुप्रीम कोर्टाने सीआयडीचे अहवाल मागितले, तर बिहार सरकार म्हणालं, कायदा आड येतो. १९८१ मध्ये न्या. भगवती यांनी ते फेटाळलं. बंदी आहे ती त्या गुन्ह्याच्या चौकशीत आणि खटल्यात, इतर कामकाजात नाही. दिवाणी दावा हे इतर कामकाजच की! डोळे गेलेल्या त्या कैद्यांमुळे पालमच्या शेतकऱ्याला रस्ता मिळतो, हे वाचताना मला कसंतरीच झालं.

आता पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आहे. पण माझं आवडतं कलम त्यातही टिकलंय (जुनं १६२, नवं १६५): हरकत असली तरी कागद आधी कोर्टात आणायचा, हरकत खरी की खोटी ते कोर्ट ठरवणार. ऑफिसातल्या साहेबांनी नव्हे.

काकांना फोन केला.

"म्हणजे मागता येतं तर?"

"तुम्हाला नाही काका, कोर्टाला. तुम्ही कोर्टाला मागायला लावायचं."

वकीलसाहेबांना यातलं बरंचसं ठाऊक होतंच, पण काकांनी कधी विचारलंच नव्हतं. आता दोन अर्ज दिलेत. एक नियम ६ खाली, अहवाल आणि जबाबांसाठी. दुसरा आदेश १३, नियम १० खाली, फौजदारी कोर्टातून मूळ खरेदीखत मागवण्यासाठी. याला प्रतिज्ञापत्र लागतं, नक्कल का पुरत नाही ते लिहून. खोटी सही नकलेवर कशी तपासणार, हे काकांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं.

पुढची तारीख संक्रांतीनंतरची आहे.