चेतकचा पल्ला

वर्धा ते नागपूर साधारण ७५ किलोमीटर. जानेवारी २०२० मध्ये विजेवरची चेतक बाजारात आली, तेव्हा कंपनीने सांगितलेला पल्ला होता इको मोडमध्ये ९५ किलोमीटर. म्हणजे एका चार्जमध्ये नागपूर गाठता येईल, पण परतता येणार नाही.

या गाडीचं मूळ वर्ध्यातच सापडतं. जमनालाल बजाजांना नातू म्हणून दत्तक घेणारे शेठ बच्छराज वर्ध्याचे. त्यांच्या नावाची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन १९४५ साली निघाली, तीच पुढे बजाज ऑटो झाली. तिची पेट्रोलवरची चेतक १९७२ची. पेट्रोल संपलं की कॉक रिझर्व्हला फिरवायचा. तेही संपलं की स्कूटर आडवी करून तळाचे थेंब कार्ब्युरेटरकडे वळवायचे. पल्ला असा शेवटच्या क्षणी ताणता येई.

बॅटरी आडवी करून काही मिळत नाही. तिथे काटकसर निघतानाच सुरू करावी लागते. वेग ४० वरून ६०वर नेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. टायरमध्ये हवा कमी असली, मागे माणूस बसला, की पल्ला आणखी घटतो. वर्ध्याच्या मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली, तर बॅटरीचं आयुष्यच झिजतं; म्हणून सावली शोधायची, बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावायची.

बैलगाडीवाला बैलांचा दम पाहून मुक्काम ठरवत असे. पेट्रोल पंपांनी आपली ती सवय मोडली. विजेच्या स्कूटरने ती परत लावली आहे.