पैठणचा माग आणि परमुलखाचा धागा

छत्रपति संभाजीनगरच्या क्रांती चौकांत उभें राहिलें म्हणजे एक रस्ता पैठण दरवाजाकडे वळतो आणि दुसरा जालन्याच्या दिशेनें जातो. १८५७ च्या उठावांतील शिपायांस जेथें देहान्त शिक्षा झाली, तो काळा चबुतरा येथेंच जवळ आहे. त्यामुळें या जागेचा इतिहास म्हटला म्हणजे लोकांस बंडाचीच आठवण होते. आमचा विषय त्याहून पुष्कळ मऊ आहे. पैठण हें रेशीम विणणारांचें गांव. आणि जालन्यास २०१८ सालापासून रेशीमकोशांचा बाजार भरतो. माग एका वाटेला आणि कोश दुसऱ्या वाटेला, अशी ही स्थिति कशी झाली तें पाहण्यासारखें आहे.

पैठणीचा विषय निघाला कीं सातवाहनांच्या काळीं पैठणचें रेशीम रोमास जात असे, असें आपल्याकडील पुष्कळ मंडळी मोठ्या अभिमानानें सांगतात. अभिमान क्षणभर बाजूस ठेवून पुरावा पाहूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत पैठणचें नांव आहे खरें; पण तेथून भडोचच्या बंदरास जाई तो सुलेमानी दगड, आणि तगर म्हणजे हल्लींचें तेर येथून जाई तें सुती कापड. रेशीमहि त्या ग्रंथांत आहे. मात्र तें चीनकडून बल्खमार्गें भडोचला उतरलेलें. संस्कृत कवींचा ‘चीनांशुक’ हा शब्द हीच साक्ष देतो. ज्या वस्त्राच्या नांवांतच परदेश आहे, त्याचें माहेर आपल्या अंगणांत शोधण्यांत काय अर्थ?

मग या मुलखांत जुन्या काळीं रेशीम नव्हतेंच काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. येथून फार दूर नसलेल्या नेवासें येथें, प्रवरेच्या कांठीं, १९५४ पासून १९५६ पर्यंत डॉ. ह. धी. सांकळिया यांनीं उत्खनन केलें. तेथील तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत एका लहान मुलाच्या दफनांत गळ्यांतली तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. त्या माळेचा दोरा तपासतां त्यांत कापूस आणि रेशीम एकत्र पिळलेलें आढळलें. कोणा आईनें आपल्या मुलाच्या गळ्यांत घातलेला तो दोरा! त्यावरून मोठे सिद्धांत उभारणें बरें नव्हे. तरी कापूस व रेशीम यांची ती गांठ पाहून या शहराच्या हिमरूची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

हिमरू म्हणजे सुताच्या ताण्यावर रेशमाच्या बाण्यानें वेलबुट्टी उठविलेलें कापड. किनखापासारखें दिसणारें, पण त्याहून स्वस्त. त्याचें भावंड मशरू. शुद्ध रेशीम पुरुषांनीं अंगास लावूं नये असा इस्लामी धर्मशास्त्राचा दंडक. विणकरांनीं तोड काढली ती अशी, कीं रेशीम वर दिसावें आणि अंगास सूत लागावें. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच शास्त्रास मान्य असलेलें. धर्म आणि हौस या दोहोंचा असा सुखाचा तह दुसऱ्या कोणत्या वस्त्रांत क्वचितच दिसेल. मुहंमद तुघलखानें १३२७ सालीं दौलताबादेस राजधानी आणली तेव्हां हे कारागीर आले, अशी परंपरा आहे. पुढें १६१० सालीं मलिक अंबरानें खडकी वसविली, तिचेंच औरंगाबाद झालें, आणि मोगल सरदारांच्या राहण्यानें या मालास गिऱ्हाईक मिळालें. पैठणच्या मागांसहि पेशवे आणि निजाम असे दोन्हीकडचे आश्रयदाते लाभले.

पण धागा? तो बाहेरचाच. एकोणिसाव्या शतकांत दख्खनच्या मागांवरचें कच्चें रेशीम मुख्यत्वें चीन व बंगाल येथून मुंबईमार्गें येई. तें येथेंच पिकवावें, अशी कल्पना इंग्रजी अमलाच्या आरंभीं निघाली होती. सिन्योर मुट्टी नांवाच्या एका इटालियन गृहस्थानें १८३० च्या सुमारास पुण्याजवळ कोथरुडास तुतीची लागवड केली व सरकारनेंहि उत्तेजन दिलें. परंतु शतक अर्ध्यावर येण्यापूर्वींच तो खटाटोप आटोपला. म्हैसुरांत टिपूनें अठराव्या शतकाच्या अखेरीस लावलेला हा धंदा मात्र रुजला. तुतीचें झाड जगवणें सोपें, अळी जगवणें अवघड! सुमारें पंचवीस दिवसांत ती चार वेळां कात टाकते, रात्रंदिवस कोंवळा पाला मागते, आणि उष्मा वाढला किंवा पाला ओला राहिला कीं अख्खी खोली रोगानें मरते. जगली तर कोश विणते, आणि मग तो कोश आपण उकळत्या पाण्यांत टाकतों. देवघरांत सोंवळ्यास जो कद आपण नेसतों, त्याच्यामागें हजारों जीवांची ही आहुति असते, हें पूजा करणाराच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. आम्हीहि तो नेसतों. म्हणून अधिक बोलत नाहीं.

राज्यांत रेशमासाठीं नागपुरास स्वतंत्र संचालनालय १९९७ सालीं झालें, आणि गेल्या कांहीं वर्षांत मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यानें तुतीस हात घातला. कारण सरळ आहे. तुतीस उंसाहून पाणी थोडें लागतें, आणि वर्षांतून अनेकदां पैसा हातीं येतो. ज्या प्रांताच्या लातुरास २०१६ सालीं आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, तेथें एवढा हिशेब पुरेसा होता. शेताच्या कडेला शेड उभी राहिली, आणि घरांतील बायका पाला खुडूं लागल्या. भाव मात्र त्यांच्या हातीं नव्हता. कोश कर्नाटकांत रामनगरच्या बाजारीं न्यावे लागत. वाहतुकीचा खर्च आणि वजनांतली घट शेतकऱ्याच्याच माथीं. जालन्याच्या बाजारानें ती पायपीट पुष्कळ वांचविली, तरी २०२० सालच्या टाळेबंदींत भाव कोसळला तेव्हां कोश घरांत ठेवतां येईना, कारण आंतला पतंग कोणाची वाट पाहत नाहीं.

कोशांतून धागा काढण्याचे कारखाने या बाजूस अद्याप थोडे आहेत. त्यामुळें मराठवाड्याचा बराच कोश अजून दक्षिणेस जातो, आणि पैठणचा विणकर बंगळुराकडून आलेली रेशमाची लडी सोडून मागावर ताणा चढवितो. जालना आणि पैठण यांमधील अंतर शंभर किलोमीटरांच्या आंतलें आहे.